घरच्या घरी लैंगिक संसर्गाची चाचणी : गर्भाशयाच्या रक्षणाचा एक मार्ग

रोगाचे निदान लवकर झाल्यास उपचार सोपा होतो, हे वैद्यकशास्त्राचे तत्त्व सर्वांना मान्य आहे. तथापि काही रोग असे आहेत की, त्यांचे नाव उच्चारण्यासही आपल्या समाजात संकोच वाटतो. जननेंद्रियांचे संसर्ग हे त्यांपैकी होत. ‘गुप्तरोग’ या नावानेच त्यांचा उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या होत आला. रोग गुप्त राहिला म्हणून तो थांबला नाही. उपचार मात्र थांबले. अलीकडच्या काळात स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने नमुना घेऊन या संसर्गांचा तपास करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत. या पद्धती कोणत्या, त्यांवर कितपत विसंबावे आणि आपल्या ग्रामीण भागातील स्त्रीला त्यांचा उपयोग कसा होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरात लिंबागणेश हे गाव वसलेले आहे. तेथील गणेशस्थानामुळे हे नाव दूरवर परिचित आहे. हा सारा प्रदेश अवर्षणप्रवण होय. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे प्रस्थान ठेवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. मुक्काम कारखान्याच्या परिसरातील कोपीत असतो. तेथे पाण्याची टंचाई आणि शौचालयाचा अभाव असतो. मासिक पाळीच्या काळातही मोळ्या वाहण्याचे काम चुकत नाही.

अशा परिस्थितीत ‘अंगावरून पांढरे जाणे’, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे या तक्रारी स्त्रिया वर्षानुवर्षे सोसतात. दुखणे असह्य झाले म्हणजे त्या दवाखान्यात जातात. तेथे कॅन्सरचे भय दाखविले गेले आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, असे अनेकींनी सांगितले आहे. २०१९ साली हा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळून आले. म्हणजे सरासरी दर सहा स्त्रियांमागे एकीचे गर्भाशय काढलेले होते.

या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या तक्रारीवर गोळ्यांचा एक छोटा उपचारक्रम पुरेसा ठरू शकतो, तिच्यासाठी अवयव काढला जात असेल, तर निदानाची पायरीच वगळली गेली असे म्हणणे प्राप्त आहे. तरुण वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेल्यास अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीचे शरीर खचते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांच्या आत स्वीकाराव्यात असा आदेश सर्व राज्यांना दिला. कायद्याचा धाक आवश्यकच आहे. त्याचबरोबर स्त्रीच्या हाती निदानाचे साधनही पोहोचले पाहिजे.

गडचिरोलीने दिलेला धडा

ग्रामीण स्त्रियांच्या या मूक दुखण्याकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले ते महाराष्ट्रातूनच. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते. प्रत्येक स्त्रीमागे अशा रोगांची सरासरी ३.६ इतकी होती आणि त्यांपैकी निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. पूर्वी कधी तरी या दृष्टीने तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या पाहणीतील आणखी एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांची कोणतीच तक्रार नव्हती. म्हणजे लक्षण नाही म्हणून रोग नाही, असे मानता येत नाही. घरच्या घरी करावयाच्या चाचणीचे महत्त्व नेमके येथे आहे.

पांढरे जाणे म्हणजे एकच रोग नव्हे

योनीमार्गातून थोडा पांढरट, वासरहित स्राव जाणे हे नैसर्गिक आहे. पाळीच्या चक्रानुसार त्याचे प्रमाण कमी-अधिक होते. स्रावास दुर्गंधी येणे, खाज सुटणे, रंग पिवळा-हिरवा होणे, लघवीस जळजळ होणे, ओटीपोट दुखणे ही मात्र संसर्गाची चिन्हे होत.

या संसर्गांचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. पहिल्या प्रकारात शरीरात मुळातच असलेल्या जंतूंचे संतुलन बिघडते. बुरशीचा संसर्ग व जिवाणूजन्य योनीदाह हे या प्रकारात मोडतात. हे सामान्यतः लैंगिक संबंधातून होणारे रोग मानले जात नाहीत. दुसऱ्या प्रकारात परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, उपदंश, एचआयव्ही आणि ह्यूमन पॅपिलोमा विषाणू यांचा समावेश होतो. हे लैंगिक संबंधातून पसरतात. या भेदाचे अज्ञान अनेक संसार उद्ध्वस्त करते. पांढरे जाते म्हणून पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेणे हे शास्त्राला धरून नाही.

क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. तो तसाच राहिल्यास गर्भनलिकांना सूज येऊन वंध्यत्व येऊ शकते किंवा गर्भ नलिकेतच वाढू लागून जिवावर बेतू शकते. उपदंशाचा उपचार न झाल्यास गर्भातील बालक दगावण्याचा संभव असतो. यांपैकी परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास व उपदंश हे चारही रोग औषधाने बरे होतात.

आपल्या आरोग्य कार्यक्रमात लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत दीर्घकाळ अवलंबिली गेली. राखाडी, हिरवे, पांढरे अशा रंगांच्या औषधसंचांवरून परिचारिकेलाही उपचार ओळखता येऊ लागले. प्रयोगशाळा नसलेल्या गावी ही सोय मोलाची ठरली. परंतु या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. लक्षण नसलेली रुग्ण तिच्यातून सुटते आणि नैसर्गिक स्राव असलेल्या स्त्रीला नको ते औषध मिळते. ही उणीव चाचणीनेच भरून निघते.

घरच्या चाचणीचे तीन प्रकार

‘घरी चाचणी’ या शब्दाने तीन वेगवेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. पहिल्या प्रकारात प्रयोगशाळेचा कर्मचारी घरी येऊन रक्त घेऊन जातो. शहरांत ही सोय रूढ झाली आहे. दुसऱ्या प्रकारात व्यक्ती स्वतः नमुना घेते व तो प्रयोगशाळेत पाठविते. तिसऱ्या प्रकारात नमुनाही घरी घेतला जातो व निकालही घरीच, काही मिनिटांत पट्टीवर वाचावयाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली एचआयव्हीच्या स्वयंचाचणीची शिफारस केली. परमा, क्लॅमिडिया व उपदंश यांच्या तपासासाठी स्वतः नमुना घेण्याच्या पद्धतीस संघटनेने २०१९ साली मान्यता दिली. अमेरिकेत घरी निकाल देणाऱ्या एचआयव्ही चाचणीस २०१२ साली परवानगी मिळाली. घरी करावयाच्या उपदंशाच्या चाचणीस ऑगस्ट २०२४ मध्ये, तर स्त्रियांसाठी परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास या तिन्हींचा तपास घरीच करणाऱ्या उपकरणास मार्च २०२५ मध्ये तेथे परवानगी देण्यात आली. आपल्याकडे मात्र एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, शासकीय रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हाच तपासाचा मुख्य मार्ग आहे. घरच्या चाचणीकडे त्या मार्गाची पहिली पायरी म्हणून पाहावे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

शेजारच्या जिल्ह्यातील मोठा प्रयोग

स्वतः घेतलेल्या नमुन्याचा सर्वांत मोठा उपयोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी होतो. हा कर्करोग जवळजवळ सर्व प्रसंगी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून उद्‌भवतो. या विषाणूची चाचणी किती जीव वाचवू शकते, याचा पुरावा बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याने जगाला दिला आहे.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली तेथे एका व्यापक अभ्यासास प्रारंभ केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह पाडून ते चार गटांत विभागण्यात आले. एका गटास विषाणू-चाचणी, दुसऱ्यास पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि तिसऱ्यास ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची पाहणी देऊ करण्यात आली. चौथ्या गटास नेहमीच्या उपलब्ध सेवा तेवढ्या होत्या. या चौथ्या गटाच्या योजनेवर पुढे नैतिक अंगाने चर्चाही झाली.

२००९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. आठ वर्षांच्या काळात चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया मृत्यू पावल्या, तर विषाणू-चाचणी गटात ३४. पुढच्या अवस्थेतील कर्करोग चौथ्या गटात ८२ स्त्रियांना, तर विषाणू-चाचणी गटात ३९ स्त्रियांना आढळला. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी होती. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही.

त्या अभ्यासात नमुने प्रशिक्षित परिचारिकांनी घेतले होते. विषाणूच्या जनुकीय अंशाचा शोध घेणाऱ्या नव्या चाचण्यांत स्त्रीने स्वतः घेतलेला योनीमार्गातील नमुनाही डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वसनीय ठरतो, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत स्वतः घेतलेला नमुना ग्राह्य मानला आहे. तपासणीच्या टेबलावर जाण्याच्या संकोचामुळे ज्या भगिनी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय वरदान ठरावी.

नमुना कसा घ्यावा

नमुना घेण्याची कृती सोपी आहे. मासिक पाळी चालू नसताना नमुना घ्यावा. गरोदर स्त्रीने वैद्यकीय सल्ल्याशिवाय तो घेऊ नये. प्रथम हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. संचातील मऊ ब्रश किंवा कापसाची काडी टोकास स्पर्श न करता उघडावी. ती योनीमार्गात चार-पाच सेंटिमीटर आत अलगद सरकवून, सूचनापत्रकात सांगितले असेल तितक्या वेळा हळूच फिरवावी. नंतर ती सरळ नळीत ठेवून झाकण घट्ट लावावे आणि नळीवर नाव व दिनांक लिहावा. या कृतीत वेदना होत नाही. परमा व क्लॅमिडिया यांच्या तपासासाठी पुरुषाने लघवीचा आरंभीचा अंश भांड्यात घ्यावयाचा असतो.

विषाणू-चाचणी साधारणतः तीस वर्षांनंतर करावी. तरुण वयातील बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच नाहीसे करते, त्यामुळे त्या वयात चाचणी केल्यास विनाकारण चिंता वाढते. चाचणीत विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढील पाहणी करावी एवढाच त्याचा अर्थ होय. हा विषाणू शरीरात अनेक वर्षे सुप्त राहू शकतो, म्हणून त्यावरून पतीच्या वा पत्नीच्या वर्तनाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

पट्टीचा निकाल वाचताना

एचआयव्ही व उपदंश यांच्या शीघ्र चाचण्यांत रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला जातो. काही एचआयव्ही चाचण्यांत हिरडीवरून काडी फिरवितात. रोगजंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे पट्टीवरील द्रव्यास चिकटली की रंगीत रेघ उमटते. चाचणी नीट झाली हे दाखविणारी नियंत्रण-रेघ पट्टीवर वेगळी असते. ती उमटली नाही तर निकाल निरर्थक समजून चाचणी पुन्हा करावी. निकाल सांगितलेल्या मिनिटांतच वाचावा. आधीही वाचू नये, फार उशिराही वाचू नये. चाचणीची रेघ फिकट असली तरी ती होकारार्थी धरून केंद्रात जावे.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, संसर्ग झाल्यापासून प्रतिपिंडे तयार होईपर्यंत काही काळ जातो. या अवधीत रोग असूनही निकाल नकारार्थी येतो. म्हणून एचआयव्हीसाठी धोक्याच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. दुसरी, घरचा होकारार्थी निकाल अंतिम नसतो. चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तत्त्वांवर आधारित तीन चाचण्या जुळल्यावरच एचआयव्हीचे निदान निश्चित होते. तिसरी, उपदंश बरा झाल्यावरही त्याच्या शीघ्र चाचणीतील रेघ बहुधा जन्मभर उमटत राहते. रोग आज सक्रिय आहे की नाही, हे रक्ताच्या वेगळ्या तपासणीवरून ठरते.

बाजारातून संच घ्यावयाचा झाल्यास त्यावर परवाना क्रमांक व मुदतीचा दिनांक आहे ना, हे अवश्य पाहावे. परवाना नसलेला किंवा मुदत संपलेला संच स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

चाचणीनंतरचे कर्तव्य

उपचाराशी न जोडलेली चाचणी मनस्तापाखेरीज काही देत नाही. निकाल होकारार्थी आल्यास लैंगिक रोगांच्या शासकीय चिकित्सालयात जावे. राष्ट्रीय कार्यक्रमात ती ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. आरंभीच्या अवस्थेतील उपदंश पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरा होतो. एचआयव्हीवरील औषधे शासकीय केंद्रांतून २००४ सालापासून विनामूल्य दिली जातात आणि ती नियमित घेणारी व्यक्ती दीर्घायुष्य जगू शकते. विषाणू-चाचणी होकारार्थी आलेल्या स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व बदल शीत वा उष्ण उपचाराने नष्ट करता येतात. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गात पती-पत्नी दोघांनीही औषध घेणे अनिवार्य आहे. एकानेच घेतल्यास संसर्ग पुन्हा उलटतो आणि ‘औषधाने गुण येत नाही, आता पिशवीच काढा’ या निर्णयाप्रत गोष्ट येते. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा किंवा निरोध वापरावा.

चाचणी ऐच्छिक असली पाहिजे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि निकालही गुप्त राखावा लागतो. घरातील कोणी सुनेला किंवा पत्नीला सक्तीने पट्टीवर थेंब टाकावयास लावणे हा तिच्या हक्काचा भंग होय. अधिक माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

गावपातळीवर काय करता येईल

लिंबागणेशसारख्या गावांचे वर्ष तोडणीच्या हंगामाने दोन भागांत विभागलेले असते. आरोग्यसेवेने हेच वेळापत्रक स्वीकारल्यास पुष्कळ साध्य होईल. दसऱ्याच्या आधी, टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी, आशा कार्यकर्तीने स्त्रियांना नमुन्याची काडी घरी नेऊन द्यावी, ती कशी वापरावी हे सांगावे आणि भरलेल्या नळ्या आरोग्य केंद्राकडे पोहोचवाव्यात. निकाल हाती येऊन उपचार झाल्यावरच कुटुंब प्रस्थान ठेवील. ज्यांचे राहून जाईल, त्यांना गुढीपाडव्याच्या सुमारास परतल्यावर पुन्हा संधी द्यावी. तपासणीची नोंद असलेले कार्ड स्त्रीजवळ असावे, म्हणजे परजिल्ह्यातील डॉक्टरांनाही पूर्वी काय आढळले ते कळेल. गाव आरोग्य व पोषण दिन, महिला बचत गट, ग्रामसभा ही या विषयावर बोलण्याची योग्य व्यासपीठे होत. पुरुषांची सभा स्वतंत्र घ्यावी, कारण त्यांच्या सहकार्यावाचून उपचार पूर्ण होत नाही.

कोणाही डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला, तर प्रत्येक भगिनीने दोन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणती चाचणी केली, आणि तिचा लेखी निकाल कोठे आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. शेजारच्या जिल्ह्यातील स्त्रियांनी एका साध्या चाचणीचे सामर्थ्य जगाला दाखवून दिले आहे. तीच चाचणी बीडच्या कोयताधारी भगिनीच्या घरापर्यंत पोहोचविणे, हे आरोग्य यंत्रणेचे आणि गावाचे संयुक्त कर्तव्य आहे.